उत्तरेचे स्वतंत्र सूर

स्वीडन म्हटले की बहुतेक संगीतप्रेमींना 'अ‍ॅबा' आठवते, नॉर्वे म्हटले की 'आ-हा' आणि डेन्मार्क म्हटले की 'अ‍ॅक्वा'. जगभर खपलेल्या या नावांच्या पलीकडे याच तीन देशांत एक दुसरे संगीतविश्व गेली पन्नासहून अधिक वर्षे नांदते आहे. बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, दोन-चार माणसांनी चालवलेल्या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थांच्या आधाराने ते वाढले. गेल्या काही वर्षांत कोपनहेगन, ऑस्लो आणि गोथेनबर्ग या शहरांतून आलेल्या अल्बमची जाणकारांनी पुन्हा एकदा आवर्जून दखल घेतली. मात्र ज्या पायावर हे संगीत उभे राहिले, त्याच पायाला आता तडे जाऊ लागले आहेत. या संगीताची जडणघडण, त्यातील महत्त्वाची नावे, अलीकडचे अल्बम आणि त्यापुढील प्रश्न यांचा हा आढावा.

'स्वतंत्र' कशापासून?

काटेकोर अर्थाने स्कॅन्डिनेव्हिया म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क. फिनलंड आणि आइसलँड त्यात धरले, तर 'नॉर्डिक' हा शब्द वापरला जातो. या लेखाचा विषय पहिल्या तीन देशांपुरता मर्यादित आहे. स्वीडनची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, डेन्मार्कची सुमारे ६० लाख आणि नॉर्वेची सुमारे ५६ लाख. तिन्ही देशांची लोकसंख्या एकत्र केली तरी ती सव्वादोन कोटींच्या आतबाहेर राहते.

एवढ्या लहान बाजारपेठेत प्रयोगशील संगीताच्या विक्रीवर कलावंताचे पोट भरणे अवघड. तरीही येथे 'इंडी', म्हणजे बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेले संगीत बहरले. ध्वनिमुद्रण कोणी करायचे, मुखपृष्ठ कसे असावे, कोणते गाणे जाहिरातीला द्यायचे आणि कोणते नाही, हे निर्णय कलावंताच्या किंवा त्याच्या ओळखीतल्या छोट्या संस्थेच्या हाती असणे, हे या संगीताचे मुख्य लक्षण. शैली त्यात दुय्यम आहे. हळुवार गिटारपासून कर्कश पंकपर्यंत आणि चर्चमधील ऑर्गनपासून संगणकावरील नृत्यसंगीतापर्यंत सारे काही त्यात येते.

हे संगीत बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र असले तरी समाजापासून स्वतंत्र नाही, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. या बंडखोर बँडपैकी अनेकांची सुरुवात पालिकेच्या खोलीत, सरकारी अनुदानातून घेतलेल्या ड्रमवर झाली आहे.

पालिकेची शाळा आणि तालमीची खोली

स्वीडनमध्ये १९४० च्या दशकापासून पालिकांच्या संगीतशाळा सुरू झाल्या. शाळकरी मुलांना अल्प शुल्कात वाद्य शिकता यावे, गरजेप्रमाणे ते घरी नेता यावे, अशी ही व्यवस्था. नॉर्वेने १९९७ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक पालिकेने संगीत व कला शिक्षणाची शाळा स्वतः किंवा शेजारच्या पालिकेसह चालवलीच पाहिजे, असे बंधन तेथे कायद्याने घातले गेले. डेन्मार्कने तर १९७६ मध्येच संगीतासाठी स्वतंत्र कायदा केला आणि संगीताला मदत करणे ही सरकारची जबाबदारी मानली.

स्वीडनमधील दुसरा आधार अधिक वैशिष्ट्यपूर्ण आहे. कामगार चळवळ आणि लोकशिक्षण यांच्या परंपरेतून तेथे अभ्यास संघटना निर्माण झाल्या. कामगार चळवळीची 'एबीएफ' ही संघटना १९१२ ची, तर तरुण वाद्यवृंदांशी विशेष जवळीक असलेली 'स्टुडियेफ्रेम्यांडेट' १९५९ ची. किमान तीन जणांनी एकत्र येऊन नियमितपणे काही शिकायचे ठरवले, की त्यांचे 'अभ्यासमंडळ' होते. विषय इंग्रजी भाषा असो, विणकाम असो वा रॉक संगीत. मंडळाने भेटींची नोंद ठेवायची, संघटनेने त्या नोंदींवर अनुदान मिळवायचे आणि मोबदल्यात मंडळाला खोली, ध्वनिवर्धक, ड्रम उपलब्ध करून द्यायचे. गॅरेजमध्ये जमणारी चार मुले अशा रीतीने लोकशिक्षणाच्या हिशेबात आली. फागेर्स्टा या छोट्या पोलादनगरीतून 'द हाइव्ज' आणि उत्तरेकडील उमेओमधून 'रिफ्यूज्ड' असे बँड जगभर कसे पोहोचले, याचे उत्तर शोधताना कलावंतांच्या प्रतिभेबरोबर या व्यवस्थेचाही विचार करावा लागतो.

'अ‍ॅबा'ला विरोध

स्वतंत्र संगीताचा विचार स्वीडनमध्ये १९७० च्या सुमारास रुजला. डाव्या विचारांच्या तरुणांनी उभारलेल्या या चळवळीला 'प्रोग' असे नाव पडले. 'एमएनडब्ल्यू' आणि 'सायलेन्स' या दोन संस्था तिचा कणा होत्या. संगीत ही विकण्याची वस्तू नसून सर्वांनी मिळून करण्याची गोष्ट आहे, कलावंताने स्वतःच्या भाषेत गावे, असा त्यांचा आग्रह होता. 'सायलेन्स'ने पुढे वेर्मलांड प्रांतातील कोप्पोम येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत आपला स्टुडिओ थाटला.

१९७४ मध्ये 'अ‍ॅबा'ने युरोव्हिजन स्पर्धा जिंकल्याने १९७५ ची स्पर्धा स्टॉकहोमला झाली. त्याच वेळी या चळवळीने शहरात पर्यायी महोत्सव भरवून स्पर्धेच्या व्यापारीकरणाचा निषेध केला. १९७६ च्या स्पर्धेत स्वीडन सहभागीच झाला नाही. चळवळीचा राजकीय आवेश पुढे ओसरला. 'अ‍ॅबा'विषयीचा तुच्छताभावही नंतरच्या पिढ्यांनी सोडून दिला. मात्र आपले संगीत आपणच प्रसिद्ध करायचे, ही सवय टिकली.

गोथेनबर्गची पिढी

२००० च्या दशकात ही सवय नव्या रूपात समोर आली. स्टॉकहोमच्या 'लॅब्रेडोर' या संस्थेने सुरेल, किंचित उदास अशा गिटारसंगीताची मालिकाच प्रसिद्ध केली. तिच्यातील 'द रेडिओ डिपार्टमेंट' हा लुंड शहरातला बँड. 'लेसर मॅटर्स' (२००३) हा त्याचा पहिला अल्बम घरगुती साधनांवर मुद्रित झाल्यासारखा धूसर ऐकू येतो. पुढे सोफिया कोपोला यांनी 'मारी आंत्वानेत' (२००६) या चित्रपटात त्याची तीन गाणी वापरली आणि बँडचे नाव संगीतवेड्यांच्या वर्तुळाबाहेर गेले.

गोथेनबर्ग या बंदराच्या शहरातून आलेल्या कारिन आणि ओलोफ ड्रेयर या भावंडांच्या 'द नाइफ' या जोडीने 'रॅबिड रेकॉर्ड्स' ही स्वतःची संस्था काढली. 'डीप कट्स' (२००३) आणि 'सायलेंट शाउट' (२००६) हे त्यांचे गाजलेले अल्बम. प्रसिद्धीपासून दूर राहण्यासाठी मुखवटे घालणाऱ्या या जोडीने २००३ च्या 'ग्रामिस' पुरस्कार सोहळ्यावर बहिष्कार टाकला. संगीत व्यवसायातील पुरुषी वर्चस्वाच्या निषेधार्थ त्यांनी आपल्या वतीने गोरिलाच्या वेशातील दोन व्यक्ती पाठवल्या. त्यांच्या वेशावर '५०' हा आकडा होता. निम्मा वाटा स्त्रियांचा, हा त्याचा अर्थ.

'द नाइफ'चे 'हार्टबीट्स' हे गाणे याच शहरातील होसे गोन्सालेस यांनी एका साध्या गिटारवर गायले. अर्जेंटिनाहून आलेल्या आईवडिलांच्या या मुलाचा 'व्हेनीर' हा अल्बम २००३ चा. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून हजारो रंगीत चेंडू उसळत येतात, अशा एका दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीत हे गाणे वाजले आणि मूळ गाणे व त्याचे नवे रूप दोन्ही जगभर पोहोचले.

छोट्या संस्थांनी मोठ्या नावांनाही वाट दाखवली. किशोरवयातच तारका झालेल्या रॉबिन या गायिकेचे आपल्या बड्या कंपनीशी मतभेद झाले. 'द नाइफ'सोबत केलेले गाणे कंपनीला पसंत पडले नाही. तेव्हा तिने करारातून बाहेर पडून २००५ मध्ये 'कोनिचिवा रेकॉर्ड्स' ही स्वतःची संस्था स्थापन केली आणि ते गाणे आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये घेतले. स्टॉकहोमच्या उपनगरातील क्लारा आणि योहाना सोडरबर्ग या भगिनींच्या 'फर्स्ट एड किट'चे पहिले ध्वनिमुद्रणही 'रॅबिड'नेच प्रसिद्ध केले होते.

या पिढीतील सर्वांत वेधक कहाणी येन्स लेकमन यांची. गोथेनबर्गच्या कोर्टेडाला या उपनगराला त्यांनी 'नाइट फॉल्स ओव्हर कोर्टेडाला' (२००७) या अल्बममधून संगीताच्या नकाशावर आणले. जुन्या तबकड्यांतील तुकडे जोडून त्यावर आपली गाणी रचणे, ही त्यांची पद्धत. परंतु अशा तुकड्यांच्या हक्कांचे प्रश्न वर्षानुवर्षे मागे लागतात. अखेर २०२२ मध्ये हा अल्बम बाजारातून काढून घेण्यात आला आणि काही भाग नव्याने मुद्रित करून 'द लिंडेन ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम' या नावाने पुन्हा प्रसिद्ध झाला. आपल्याच अल्बमला निरोप देऊन त्याची दुसरी आवृत्ती काढण्याची वेळ कलावंतावर आली. २०२५ मध्ये लेकमन यांचा 'साँग्ज फॉर अदर पीपल्स वेडिंग्ज' हा अल्बम आला. लग्नात गाणाऱ्या गायकाची ही कथा असून, अमेरिकी लेखक डेव्हिड लेव्हिथन यांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली आहे. लेकमन स्वतः अनेक वर्षे श्रोत्यांच्या लग्नात गात आले आहेत.

नॉर्वे : लहान गावातून

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील फ्लेक्केफ्योर्ड या गावात योआकिम हाउग्लांड या तरुणाने १९९३ मध्ये कॅसेट प्रसिद्ध करायला सुरुवात केली. गाव छोटे म्हणून संस्थेचे नाव 'स्मॉलटाउन सुपरसाउंड'. पुढे हीच संस्था ऑस्लोत येऊन इलेक्ट्रॉनिक संगीत आणि जॅझ यांच्या सीमारेषेवरील कामाचे महत्त्वाचे केंद्र झाली. १९९८ मध्ये रुने क्रिस्टोफरसन यांनी 'रुने ग्रामोफोन' सुरू केली. 'सुपरसायलेंट' हा पूर्वतयारीविना, उत्स्फूर्त वादन करणारा गट तिचा पहिला कलावंत. किम योर्थोय यांनी रेखलेली तिची मुखपृष्ठे हा स्वतंत्र आस्वादाचा विषय आहे.

अशा संगीताला नॉर्वेत श्रोता आधीपासून होता, कारण जॅझची तेथील परंपरा जुनी आहे. म्युनिकच्या 'ईसीएम' या स्वतंत्र संस्थेने आपले अनेक अल्बम ऑस्लोच्या 'रेनबो स्टुडिओ'त मुद्रित केले. आपल्याकडील रसिकांना त्यातील एक अल्बम परिचित असेल. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या 'मेकिंग म्युझिक'मध्ये पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार यांच्या जोडीला नॉर्वेचे यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन आहे. डिसेंबर १९८६ मध्ये तो ऑस्लोतच मुद्रित झाला.

पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बर्गन शहराने २००१ या एकाच वर्षात 'किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स', 'रॉयकसॉप' आणि सोंद्रे लेर्के असे तीन कलावंत जगापुढे आणले. मिकाल टेल्ले यांची 'टेल्ले रेकॉर्ड्स' ही या शहरातील छोटी संस्था त्या लाटेच्या मुळाशी होती. 'किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स'च्या 'क्वाएट इज द न्यू लाउड' या अल्बमचे शीर्षकच हळू आवाजातील संगीताचे घोषवाक्य ठरले. बारा वर्षांच्या खंडानंतर २०२१ मध्ये त्यांनी 'पीस ऑर लव्ह' प्रसिद्ध केला.

आजच्या नॉर्वेतील सर्वांत विचारी आवाज म्हणून येनी व्हाल यांचे नाव घ्यावे लागेल. गायिका आणि कादंबरीकार असलेल्या व्हाल यांचा 'आयरिस सिल्व्हर मिस्ट' हा अल्बम मे २०२५ मध्ये आला. हे नाव एका अत्तराचे आहे. साथीच्या काळात मैफली थांबल्या, तेव्हा त्या सुगंधांकडे वळल्या. रंगमंच, घाम, सिगारेट आणि अत्तर यांच्या आठवणींतून प्रत्यक्ष मैफलीची अनुपस्थिती त्यांनी या अल्बमात मांडली आहे.

कोपनहेगनची नवी लाट

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झाली ती डेन्मार्कच्या राजधानीची. येथील 'रिदमिक म्युझिक कॉन्झर्व्हेटरी' १९८६ मध्ये सुरू झाली. जॅझ, रॉक, पॉप यांचे उच्च शिक्षण देणारी ही सरकारी संस्था. तिच्या वर्गांत आणि शहरातील छोट्या सभागृहांत एकमेकांना भेटलेल्या तरुण कलावंतांनी, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, पॉप संगीताची नवी भाषा घडवली.

एम. एल. बुक यांचा 'सनटब' (ऑक्टोबर २०२३) हा या लाटेतील महत्त्वाचा अल्बम. सात तारांची गिटार, वेगळ्या पद्धतीने लावलेले सूर आणि संगणकावर घडवलेला, काचेसारखा स्वच्छ ध्वनी ही त्याची वैशिष्ट्ये. व्हायोला वाजवणाऱ्या आस्त्रिद सोने यांनी 'ग्रेट डाउट' (जानेवारी २०२४) मध्ये पहिल्यांदाच स्वतःच्या गायनाला मध्यवर्ती स्थान दिले. क्लॅरिसा कॉनेली यांचा 'वर्ल्ड ऑफ वर्क' (२०२४) प्राचीन लोकसंगीताची आठवण करून देतो. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या एरिका द कासिए यांनी पहिला अल्बम २०१९ मध्ये स्वतःच्याच संस्थेतर्फे काढला. २०२३ मध्ये 'न्यूजीन्स' या कोरियन गटाच्या गाण्यांच्या लेखनात त्यांचा सहभाग होता आणि २०२४ मध्ये त्यांचा 'स्टिल' आला.

यांतील अनेक धागे 'एस्को' या संस्थेपाशी जुळतात. २००५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने प्रथम 'आइसएज' या पंक बँडला पुढे आणले. 'ग्रेट डाउट'ही तिचाच. मे २०२५ मध्ये तिने 'स्मेर्ट्स' या नॉर्वेच्या दोघींचा 'बिग सिटी लाइफ' प्रसिद्ध केला. ऑस्लोच्या या मैत्रिणींचे संगीतशिक्षण कोपनहेगनला झाले. तरुणपणी मोठ्या शहरात एकटे राहण्यातील मौज आणि हुरहुर त्यांनी अगदी मोजक्या सुरांत पकडली आहे.

कोणत्या भाषेत गावे?

छोट्या भाषेतील कलावंतापुढे उभा राहणारा प्रश्न येथेही आहे. इंग्रजीत गायले तर जग ऐकते. आपल्या भाषेत गायले तर घरचे मनापासून ऐकतात. स्वीडनच्या 'डुंगेन' या बँडने 'टा डेट लुंग्ट' (२००४) हा संपूर्ण स्वीडिश अल्बम काढला. तो अमेरिकेतील समीक्षकांनीही डोक्यावर घेतला. 'कायझर्स ऑर्केस्ट्रा'ने तेलाची पिंपे बडवत, नॉर्वेच्या नैऋत्येकडील बोलीत गात युरोपचे दौरे केले. डेन्मार्कच्या 'एफ्टरक्लँग'ने स्पिट्सबर्गेन बेटावरील ओस पडलेल्या रशियन खाणवसाहतीतील आवाज टिपून 'पिरामिडा' (२०१२) रचला तो इंग्रजीत. पुढे 'आल्टिड सामेन' (२०१९) मात्र त्यांनी डॅनिशमध्ये गायला. त्यानंतरच्या 'विंडफ्लॉवर्स' (२०२१) मध्ये ते पुन्हा इंग्रजीकडे वळले.

हा प्रश्न सामी समाजासाठी केवळ आवडीनिवडीचा नाही. उत्तर स्कॅन्डिनेव्हियातील या आदिवासी समाजाच्या भाषा आणि 'योइक' ही गायनपरंपरा चर्च व शाळा यांनी दीर्घकाळ दडपली. मारी बोइने यांनी 'गुला गुला' (१९८९) या अल्बमने ती कोंडी फोडली. स्वीडनमधील कातारिना बारुक या उमे सामी भाषेत गातात. ही भाषा बोलणारे आता अगदी थोडे उरले आहेत. त्यांचा 'रुह्टुओ' हा अल्बम २०२२ चा. २०२५ मध्ये लंडनच्या 'प्रॉम्स' महोत्सवात नॉर्वेच्या चेंबर ऑर्केस्ट्रासह त्यांनी याच भाषेत गायन केले. 'इसाक' या बँडच्या गायिका एला मारी हेट्टा इसाकसेन २०२३ मध्ये ऑस्लोतील आंदोलनात अग्रभागी होत्या. फोसेन येथील पवनचक्क्यांमुळे सामींच्या रेनडियर चराईच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. तरीही पवनचक्क्या सुरूच असल्याविरुद्ध ते आंदोलन होते.

महोत्सव आणि नभोवाणी

छोट्या संस्थेच्या अल्बमला श्रोता मिळतो तो महोत्सवांत आणि नभोवाणीवर. डेन्मार्कचा रॉस्किल्ड महोत्सव १९७१ मध्ये सुरू झाला. तो ना-नफा तत्त्वावर चालतो आणि शिल्लक रक्कम समाजकार्याला दिली जाते. हजारो स्वयंसेवक त्याचा भार उचलतात. २००० मध्ये तेथे गर्दीत चेंगरून नऊ तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जगभरच्या महोत्सवांना गर्दीच्या सुरक्षेचा नव्याने विचार करावा लागला. ऑस्लोचा 'ओया' १९९९ पासून, तर गोथेनबर्गचा 'वे आउट वेस्ट' २००७ पासून भरतो. 'वे आउट वेस्ट'ने २०१२ मध्ये मांसाहारी पदार्थ बंद केले. नवोदितांसाठी महत्त्वाचा 'बाय:लार्म' हा मेळा १९९८ मध्ये सुरू झाला. अनेक वर्षे तो नॉर्वेच्या शहराशहरांतून फिरत असे.

सर्वच महोत्सव टिकले असे नाही. स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातील हुल्ट्सफ्रेड या छोट्या गावात स्थानिक तरुणांच्या संघटनेने १९८६ मध्ये महोत्सव सुरू केला. त्याला देशातील एका पिढीच्या आठवणीत अढळ स्थान आहे. परंतु २०१० मध्ये आयोजकांचे दिवाळे निघाले. व्यावसायिक कंपनीने त्याचे पुनरुज्जीवन करून पाहिले, तो गावातून हलवून राजधानीजवळ नेला. पण त्याचा जीव गावातच होता. २०१३ नंतर तो बंद पडला.

नभोवाणीच्या बाबतीत डेन्मार्कचा अनुभव अधिक आशादायक आहे. तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये काटकसरीसाठी स्वतंत्र संगीताची 'पी ६ बीट' आणि जॅझची 'पी ८ जॅझ' या वाहिन्या बंद करण्याचे जाहीर केले. श्रोते आणि संगीतकार यांनी त्याला जोरदार विरोध केला आणि पुढील वर्षी दोन्ही वाहिन्या वाचल्या.

स्ट्रीमिंगचे गणित

संगीत फुकट मिळवण्याच्या आणि पुढे भाड्याने ऐकण्याच्या पद्धतीचा इतिहास स्वीडनशिवाय सांगता येत नाही. 'द पायरेट बे' हे संकेतस्थळ २००३ मध्ये तेथेच सुरू झाले. 'स्पॉटिफाय'ची स्थापना २००६ मध्ये स्टॉकहोमला झाली आणि २००८ मध्ये ती सेवा श्रोत्यांसाठी खुली झाली. भारतात ती २०१९ मध्ये आली. चोरीने आटलेला पैसा तिच्यामुळे संगीत व्यवसायात परत आला, हे खरे. मात्र त्यातला वाटा कोणाला, हा वाद मिटलेला नाही. २०२४ पासून, ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकले गेले, त्याला मोबदला न देण्याचा नियम 'स्पॉटिफाय'ने लागू केला. रक्कम क्षुल्लक असते आणि ती वाटण्याचाच खर्च अधिक होतो, असा कंपनीचा युक्तिवाद. सामी भाषेत किंवा एखाद्या बोलीत गाणाऱ्या नवोदिताच्या दृष्टीने मात्र अशी मर्यादा म्हणजे दारातच अडवण्याचा प्रकार ठरू शकतो.

यावर उपाय म्हणून कलावंत पुन्हा स्वतःच्या संस्थांकडे वळत आहेत. 'द हाइव्ज'ने २०२३ चा अल्बम स्वतःच्या नावाच्या संस्थेतर्फे काढला. स्टॉकहोमच्या 'व्हायग्रा बॉइज' या बँडने एप्रिल २०२५ मधील अल्बमसाठी हाच मार्ग पत्करला.

पायाला तडे

खरी चिंता त्याही आधीच्या टप्प्याची आहे. स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये अभ्यास संघटनांचे अनुदान कमी करण्याचे ठरवले. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाढणारी ही कपात २०२६ पर्यंत ५० कोटी क्रोनरवर नेण्याचा निर्णय झाला. त्यामागील कारणे निराधार नव्हती. काही ठिकाणी खोट्या नोंदी दाखवून अनुदान लाटल्याचे उघड झाले होते आणि सरकारी लेखापरीक्षकांनीही २०२२ मध्ये या व्यवस्थेवर टीका केली होती. जनतेचा पैसा कोठे जातो, हे विचारण्याचा सरकारला अधिकार आहेच.

तथापि गैरव्यवहार करणाऱ्यांबरोबर तालमीच्या खोलीत जमणाऱ्या मुलांनाही त्याची किंमत मोजावी लागते. राजधानीतील सुखवस्तू घरातील मूल गिटार विकत घेऊ शकते, शिक्षकही मिळवू शकते. फागेर्स्टासारख्या गावातील मुलाला भाड्याची खोली आणि ड्रमचा संच परवडेलच असे नाही. ज्या देशाने आपल्या संगीताच्या निर्यातीचा अभिमान मिरवला, त्याने कारखान्याचे दार उघडे ठेवून कच्च्या मालाचा रस्ता बंद करावा, असा हा प्रकार आहे, असे टीकाकारांना वाटते. परिणाम लगेच दिसणार नाहीत. आज बारा वर्षांचे असलेले मूल पंचविशीत पहिला अल्बम काढील किंवा काढणार नाही, तेव्हाच तो हिशेब कळेल. न निघालेल्या अल्बमची नोंद मात्र कोठेच होत नाही.

काय ऐकावे?

या संगीताशी नव्याने ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांना पुढील अल्बमपासून सुरुवात करता येईल.

'क्वाएट इज द न्यू लाउड' – किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स (२००१). दोन गिटार, दोन आवाज. पावसाळी दुपारी ऐकण्यासारखा.

'टा डेट लुंग्ट' – डुंगेन (२००४). भाषा न समजताही आनंद देणारे रॉक संगीत.

'सायलेंट शाउट' – द नाइफ (२००६). थंड, गूढ आणि आजही नवा वाटणारा.

'सनटब' – एम. एल. बुक (२०२३). कोपनहेगनच्या नव्या लाटेचे प्रवेशद्वार.

'आयरिस सिल्व्हर मिस्ट' – येनी व्हाल (२०२५). सावकाश, एकाग्रतेने ऐकण्याचा.

'आयकॉनोक्लास्ट्स' – आना फॉन हाउसवोल्फ (ऑक्टोबर २०२५). चर्चमधील भव्य ऑर्गनला आपले मुख्य वाद्य मानणाऱ्या गोथेनबर्गच्या या गायिकेला २०२१ मध्ये फ्रान्समधील नांत येथे कर्मठ गटांच्या विरोधामुळे चर्चमधील मैफल रद्द करावी लागली होती. या अल्बममध्ये ऑर्गनच्या जोडीला सॅक्सोफोन आहे आणि एका गाण्यात अमेरिकेचे ज्येष्ठ गायक इगी पॉप यांची साथ आहे.

यांतील एखादा अल्बम आवडला, तर त्याच्या मुखपृष्ठाच्या मागील बाजूस संस्थेचे नाव पाहावे आणि तिचे इतर अल्बम शोधावेत. एका छोट्या संस्थेच्या यादीतून दुसऱ्या कलावंताकडे, तिथून तिसऱ्याकडे, असाच या संगीताचा प्रवास आजवर झाला आहे. श्रोत्यांनाही तीच वाट उपयोगी पडेल.